मनगटावरची तीन बोटं

अँजिओग्राफीच्या टेबलावर माणूस टक्क जागा असतो. बायपासच्या वेळी भूल देतात, पेशंट झोपतो आणि डोळे उघडतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. कॅथलॅबमध्ये तशी सुटका नाही. कित्येक तास पोटात काही नाही, अंगावर मागून नाड्या बांधायचा गाऊन, अंगठी-घड्याळ नातेवाइकांच्या हवाली केलेलं, यंत्रांसाठी गारठवलेली खोली, कूस बदलता येणार नाही इतकं अरुंद टेबल, छातीवरून फिरणारी एक्स-रेची भलीमोठी कमान आणि बाजूच्या पडद्यावर धडधडणारं आपलंच हृदय. डाय सोडली की अंगातून गरम लाट सरकल्यासारखी वाटते. शिशाचे एप्रन घातलेली माणसं आपापसांत आकड्यांत बोलतात, ‘एलएडी सत्तर’, ‘आरसीए नव्वद’. पेशंट ते ऐकतो. अर्थ कळत नाही, आणि कळत नाही म्हणूनच त्यातल्या त्यात वाईट अर्थ तो स्वतःच लावून मोकळा होतो.

त्याला जागं ठेवायला कारण आहे. ‘दीर्घ श्वास घ्या’, ‘रोखून धरा’, ‘खोका’, ‘छातीत दुखतंय का?’ असं बोलत बोलतच काम पुढे जातं. मनगटाशी किंवा जांघेत जागा बधिर केली की नळी आत सरकताना सहसा फारसं जाणवतही नाही. शरीराची सोय अशी होते. मनाची सोय मात्र पुष्कळदा ‘घाबरू नका काका, काही होत नाही’ या एका वाक्यावर सोपवलेली असते.

या वाक्याला काहीतरी जोड द्यावी, म्हणून गेल्या काही वर्षांत परिचारिकांनी, त्यातही इराण आणि तुर्कस्तानातल्या नर्सिंग कॉलेजांनी, एक जुनी गोष्ट तपासायला घेतली आहे. ती म्हणजे अ‍ॅक्युप्रेशर. ना सुई, ना औषध. ठरावीक जागी अंगठ्याने काही मिनिटं दिलेला दाब. दाब देऊन ब्लॉकेज उघडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. या अभ्यासांमध्ये तसा दावाही कोणी केलेला नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: टेबलावर जाणाऱ्या माणसाची भीती आणि दुखणं यांतलं काही यामुळे कमी होतं का?

प्रश्न साधा असला तरी किरकोळ नाही. घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी पळते, रक्तदाब चढतो, आणि ज्या हृदयाला आधीच रक्त कमी पडतंय त्याच्यावर कामाचा बोजा वाढतो. मनगटातली रेडियल धमनी जेमतेम दोन ते तीन मिलिमीटर रुंद. भीतीने आणि वेदनेने ती आखडते, नळीभोवती आवळून बसते. मग हात ठणकतो, दुखतं म्हणून भीती वाढते, आणि भीतीने ती धमनी आणखी आवळते. डॉक्टर नायट्रोग्लिसरिन किंवा व्हेरापामिल सोडून तिला सैल करतात. फारच झालं तर मनगट सोडून जांघेकडे वळावं लागतं.

भीतीवर औषध आहेच. मिडाझोलाम देतात, वेदनेसाठी फेन्टानिल देतात, आणि ती औषधं चोख काम करतात. पण वयस्कर किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्या पेशंटमध्ये ती श्वास मंद करू शकतात. आणखी एक अडचण अलीकडच्या काळात लक्षात आली. मॉर्फिन, फेन्टानिल यांसारखी अफूच्या कुळातली औषधं पोटाची हालचाल मंदावतात. त्यामुळे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तोंडाने दिलेली टिकाग्रेलरसारखी गोळी रक्तात उशिरा पोचते. नवा स्टेंट बसवताना तीच गोळी वेळेवर हवी असते. औषधाशिवाय भीती थोडी जरी उतरली तरी कोणाला नको आहे?

हृदयापर्यंत नळी नेऊन करायच्या या सगळ्या उपचारांचा जन्मच मुळी एका जाग्या माणसाच्या धाडसातून झाला. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड गावातल्या इस्पितळात वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला हृदयापर्यंत नळी नेऊन पाहायची होती. वरिष्ठांनी नकार दिला. नळी आणि हत्यारं ज्यांच्या ताब्यात होती त्या परिचारिका गेर्डा डिट्झन मात्र तयार झाल्या, प्रयोग स्वतःवर करून घ्यायलासुद्धा. फोर्समानने त्यांना टेबलावर बांधलं, त्यांच्या हाताला औषध लावल्याचा आव आणला आणि तेवढ्यात स्वतःच्याच कोपराच्या खळीतल्या शिरेतून पासष्ट सेंटिमीटर नळी आत सारली. मग तशीच नळी घेऊन तो चालत एक्स-रे विभागात गेला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पुढे १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. तो ३८ वर्षांचा पेशंटही जागाच होता. तेव्हापासून नळ्या बारीक झाल्या, स्टेंट आले, जांघेऐवजी मनगट आलं. टेबलावरचा माणूस तेवढा तसाच राहिला.

अ‍ॅक्युप्रेशरच्या या अभ्यासांमध्ये एक बिंदू पुन्हा पुन्हा भेटतो. तळहात वर करावा, मनगटावर जी आडवी घडी पडते तिच्यापासून कोपराच्या दिशेने आपलीच तीन बोटं आडवी ठेवावीत. तिसरं बोट जिथे संपतं तिथे, मधोमध दिसणाऱ्या दोन शिरांच्या मधल्या खाचेत, तो आहे. (आपण शिरा म्हणतो, पण त्या असतात स्नायुबंध.) चिनी वैद्यक त्याला नेइग्वान, म्हणजे आतलं द्वार, म्हणतं. जगात पीसी-६ या नावाने तो ओळखला जातो. मोजमाप पेशंटच्या स्वतःच्या बोटांनीच घ्यायचं, कारण चिनी मापच तसं आहे: अंगठ्याची रुंदी एक ‘त्सुन’, तीन बोटं दोन. आडदांड पैलवान असो की हाडकुळी आजी, मापाची पट्टी ज्याची त्याच्या हाताला. दुसरा बिंदू मनगटाच्या घडीवरच, करंगळीच्या बाजूला, तो शेनमेन. तिसरा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात, हेगु. चौथा दोन भुवयांच्या मध्ये, जिथे आपल्याकडे कुंकू किंवा गंध लावतात तिथे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली अशा ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करून छापल्या.

अभ्यासाची रीत साधारण अशी असते. अँजिओग्राफीसाठी आलेल्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडायचे. एका गटाला खऱ्या बिंदूंवर दहा-वीस मिनिटं दाब, दुसऱ्याला शेजारच्याच पण बिंदू नसलेल्या जागी दाब, तिसऱ्याला नेहमीची देखभाल. चिंता मोजायची प्रश्नावलीने. यात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिलबर्गर यांची वीस प्रश्नांची प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात कमीत कमी वीस आणि जास्तीत जास्त ऐंशी गुण. वेदना मोजायला दहा सेंटिमीटरची एक रेघ: या टोकाला अजिबात दुखत नाही, त्या टोकाला सहन होत नाही, पेशंटने खूण करायची. जांघेतून अँजिओप्लास्टी झाली असेल तर तिथली शीथ, म्हणजे धमनीत बसवलेली बाहेरची नळी, काढतानाच्या वेदनेवरही असे अभ्यास झाले आहेत. तो अनुभव अँजिओग्राफीपेक्षाही नकोसा. शीथ काढली की जखमेवर पंधरा-वीस मिनिटं जोर देऊन दाबून धरायचं, आणि पुढे काही तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहायचं. पाठ आखडते, लघवीची पंचाईत होते, आणि दुखण्यापायी कोणाकोणाची नाडी इतकी मंदावते की घेरी येते.

बहुतेक अभ्यासांत खऱ्या बिंदूंच्या गटाचे गुण इतरांपेक्षा बरे आले. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी उपचाराआधीच्या चिंतेवरचे निरनिराळे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रौढांची चिंता लगेच आणि मध्यम प्रमाणात कमी होते, असा निष्कर्ष निघाला. पण त्याच लेखात पुढे असंही आहे की नाडी, रक्तदाब अशा शरीराच्या मोजमापांबाबत निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणतो. यंत्र दर वेळी दुजोरा देत नाही.

सगळ्यांत देखणा प्रयोग मात्र हॉस्पिटलात झालेला नाही, तो झाला व्हिएन्नाच्या रस्त्यांवर. किरकोळ अपघातात जखमी झालेल्या साठ जणांना रुग्णवाहिकेतून नेताना पॅरामेडिकने काहींना खऱ्या बिंदूंवर, काहींना खोट्या जागी दाब दिला, काहींना दिलाच नाही. खऱ्या बिंदूंमध्ये पीसी-६ आणि हेगु होते. हॉस्पिटलच्या दारात नोंद घेणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे ठाऊक नव्हतं. खऱ्या बिंदूवाल्यांची वेदना कमी, चिंता कमी आणि नाडीही सावकाश निघाली. २००२ साली हा अभ्यास भूलतज्ज्ञांच्या एका नामांकित नियतकालिकात आला. पुढच्याच वर्षी अथेन्सच्या भूलतज्ज्ञांनी पंचवीस निरोगी स्वयंसेवकांच्या भुवयांमधला बिंदू दहा मिनिटं दाबून मेंदूची जागृती मोजणारं यंत्र लावलं. भूल किती खोल आहे ते सांगणाऱ्या त्या यंत्राचा आकडा दाबाबरोबर खाली आला आणि दाब सोडल्यावर पुन्हा वर गेला.

पण पीसी-६च्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा भीतीचाही नाही, वेदनेचाही नाही. तो आहे मळमळीचा. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८६ मध्ये, ऑपरेशननंतरची उलटी या बिंदूवर सुई टोचल्याने कमी होते, असं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं. तेव्हापासून इतके प्रयोग झाले की वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात ५९ प्रयोग आणि ७,६६७ पेशंट जमेस धरले गेले. निष्कर्ष असा की या बिंदूला चेतवल्याने मळमळ आणि उलटी खोट्या उपचारापेक्षा कमी होते आणि उलटीच्या औषधांच्या बरोबरीने होते. बोट लागते म्हणून, गाडी लागते म्हणून परदेशी दुकानांत मनगटाचे जे विणलेले पट्टे मिळतात, त्यांतलं प्लॅस्टिकचं बटण नेमकं याच तीन बोटांच्या जागी येतं.

आता हे होतं कसं? चिनी उत्तर असं की हृदयाच्या आवरणाची वाहिनी इथून जाते, आणि हे आवरण म्हणजे हृदयाचा पहारेकरी. शरीरशास्त्र उघडून पाहिलं तर वाहिनी सापडत नाही. सापडते ती मीडियन नर्व्ह, कार्पल टनेलच्या दुखण्यात दबते तीच. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठात जॉन लाँगहर्स्ट यांच्या गटाने वर्षानुवर्षं मांजरांवर काम करून दाखवलं की या जागी सुईतून सौम्य वीज दिली की मेंदूच्या तळाशी रक्तदाब चढवणारी केंद्रं शांत होतात. अर्थात ती सुई होती आणि वीज होती. अंगठा म्हणजे सुई नव्हे. अंगठ्यासाठी दुसरं स्पष्टीकरण जास्त जवळचं आहे. कोपर आपटलं की आपण काय करतो? चोळतो. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी या चोळण्याला शास्त्राचा आधार दिला: मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक फाटक आहे, आणि स्पर्शाचा-दाबाचा संदेश आधी पोचला तर ते अर्धवट लागतं. त्यात शरीर स्वतःच तयार करतं त्या एंडॉर्फिनची भर. शिवाय दहा मिनिटं कोणीतरी हात हातात घेऊन बसलंय, ही साधी गोष्टही आहेच.

खरा पेच याच शेवटच्या गोष्टीत आहे. गोळीच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, देणाऱ्यालाही कळत नाही. अंगठ्याचं तसं नाही. दाबणाऱ्या परिचारिकेला खरी जागा कोणती ते ठाऊक असतं. ती नकळत खऱ्या जागी जास्त मन लावून दाबत असेल, बोलत असेल. ‘खोटी’ जागा तरी किती खोटी? खऱ्या जागेपासून दोन बोटं सरकून दाबलं तरी स्पर्श तोच, हात तोच. बरेच अभ्यास शे-दीडशे पेशंटांचे, एकाच हॉस्पिटलातले. त्यावरून ‘अ‍ॅक्युप्रेशरने हृदयविकार बरा’ असा मथळा देणं म्हणजे लोकांची फसवणूक. ‘हे सगळं थोतांड’ म्हणून हात झटकणं त्या मानाने सोपं, पण तेही पुराव्याला धरून नाही. हाती आहे ते एवढंच: स्वस्त, निरुपद्रवी आणि थोडा उपयोगी उपाय. बिंदूचा वाटा किती आणि हाताचा किती हे ठरायचं आहे. टेबलाकडे निघालेल्या माणसाला मात्र त्या वादाच्या निकालाची वाट पाहायचं कारण नाही.

महाराष्ट्राला हा विषय वाटतो तितका परका नाही. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकरही. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, आणि व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे घराघरात पोचले. त्याच पथकातले बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये ते त्यांनी भारतात आणलं. कोटणीस स्वतः शल्यविशारद, सुयांशी त्यांचा संबंध नव्हता. तरी आज देशातल्या अ‍ॅक्युपंक्चर केंद्रांना त्यांचं नाव दिलेलं आढळतं, ते या सोबत्यामुळे. नंतर ऐंशीच्या दशकात मुंबईच्या देवेंद्र व्होरांचं ‘हेल्थ इन युअर हँड्स’ आलं, आणि तळहाता-तळपायाचे नकाशे मध्यमवर्गीय कपाटांत शिरले. मग लाकडी रोलर, काटेरी चपला, बागेतल्या गोट्यांच्या पायवाटा. अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून परिषद स्थापली, आणि २०१९ मध्ये केंद्रानेही त्याला वेगळी उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

‘हे तर आपल्या सुश्रुताचंच’ असंही कोणी ना कोणी म्हणतं. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली हे खरं, आणि अंगठा-तर्जनीमधल्या जागेला त्याने ‘क्षिप्र’ म्हटलंय हेही खरं. चिनी हेगुची तीच जागा. पण मर्मं सांगितली ती शस्त्र लागू नये म्हणून, क्षिप्राला जखम झाली तर झटके येऊन माणूस दगावतो हे बजावण्यासाठी. एकाच जागेबद्दल एका परंपरेने ‘जपा’ म्हटलं, दुसरीने ‘दाबा’. दोन्हींची मोट बांधायची घाई नको.

घाई नको अशी आणखी एक जागा आहे, मोबाइलवर. छातीत कळ आली तर अमुक बोट दाबा, जोरात खोका, असले संदेश फिरतच असतात. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, यांतलं काही झालं तर काहीही दाबत बसायचं नाही. १०८ला फोन करायचा आणि ईसीजीपर्यंत पोचायचं. तिथे मिनिटं मोलाची असतात, आणि ती अंगठ्याच्या नादात गेली तर हृदयाचा स्नायू मरतो. तो परत येत नाही.

ठरवून करायच्या अँजिओग्राफीची गोष्ट वेगळी. तिथे वाट पाहण्याचा वेळ भरपूर असतो: ट्रॉलीवर, कॉरिडॉरमध्ये, आधीची केस लांबली म्हणून. अभ्यासांत दाब दिला तो बहुतेक अशाच वेळी. सिस्टरला आधी विचारून घ्यावं. तीन बोटं मोजून, दुखेल इतकं नाही पण जाणवेल इतकं दाबावं, दोन-तीन मिनिटं धरावं, सोडावं, पुन्हा धरावं. श्वास सावकाश चालू द्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोर बेताचाच, नाहीतर काळंनिळं पडतं. बाई गरोदर असेल तर हेगु टाळायची परंपरा आहे. डायलिसिसचा फिस्च्युला असलेल्या हाताला हात लावायचा नाही, आणि मानेतल्या धमन्यांना तर कोणाच्याही कधीच नाही. ज्या मनगटातून नळी जाणार किंवा गेली आहे त्यावर तर मुळीच नको. बहुतेक कॅथलॅबमध्ये ते उजवं असतं. डावं मोकळंच असतं.